अकरा फ्रेम

सियागंजमागच्या चंद्रप्रभा टॉकीजला
मी दुसरा ऑपरेटर होतो.
म्हणजे कार्बनच्या कांड्या बदलायच्या, रिळं उलटी गुंडाळायची,
पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला
की रज्जाक उस्तादांच्या आधी "हां" म्हणायचं.
खालच्या गोदामातली मिरची केबिनपर्यंत चढायची.
आम्ही दोघं शिंकत शिंकत
माणसं मारायचो.

खुनाचा सिनेमा. काळापांढरा,
त्यात पांढरा कमीच.
वकिलाचं प्रेत, ओला रस्ता, बंदरावर धुकं.
इंदूरला बंदर कुठलं? पिटातले मिलवाले
धुक्याला धूरच समजले,
आणि धूर त्यांच्या ओळखीचा.
फौजदार झालेला नट टोपी काढायचा नाही,
चेहऱ्याचं सगळं काम हनुवटीवर घ्यायचा.
आणि तो मुनीम! एकाच सीनमध्ये येतो,
शाईचं बोट डोक्याच्या केसांना पुसतो,
खोटं बोलतो, जातो.
पाच आठवडे मी त्या बोटाची वाट पाहायचो.

पण ती.
सातव्या रिळात फौजदार फोटो पुढे करतो,
"इसे पहचानती हो?"
खिडकीच्या पट्ट्यांची सावली तिच्या तोंडावर.
ती काहीच करत नाही.
मग पापणी लवते. एकदाच, अर्धवट,
डावी उजवीच्या किंचित आधी.
तेवढ्यात ती ठरवते
आणि म्हणते, "मैं नहीं जानती."

रोज तीन खेळ, रविवारी चार.
शंभराच्या वर वेळा तिने माझ्यासमोर ठरवलं.
केबिनच्या चौकोनी भोकाशी
मी एकटा साक्षीदार.

शेवटच्या रात्री पेटी देवासला निघायची होती.
उस्ताद चहाला उतरले.
मी कात्री घेतली.
अकरा फ्रेम. अर्धा सेकंदही नाही.
सिमेंट लावलं, सांधा दाबून धरला,
मनात पन्नास मोजले.
तुकडा सुपारीच्या डबीत.

एक गोष्ट विसरलो,
उस्तादांनी पहिल्याच दिवशी शिकवलेली:
पट्टीवर आवाज चित्राच्या पुढे धावतो,
वीस फ्रेम पुढे.
पापणीशेजारी छापलेलं असतं
पापणीनंतरचं बोलणं.

देवासला, उज्जैनला, रतलामला, खांडव्याला
ती न थबकता म्हणाली,
"नहीं जानती."
"मैं" माझ्या डबीत.

खांडव्याचा माझा साडू त्या दिवाळीत आला होता.
"काय निगरगट्ट बाई हो! खून तिनेच केलाय."
"तिने नाही केला," मी म्हणालो, "शेवटी कळतं की."
"कळलं तरी,"
आणि त्याने पोह्यांवर आणखी शेव घेतली.
मी त्याला काही बोललो नाही.
काय बोलणार होतो?
सिनेमात कुणीतरी फासावर जातं. तीही नाही,
मुनीमही नाही. ते नाव आता आठवत नाही.

टॉकीजच्या जागी आता पार्किंग आहे.
रज्जाक उस्ताद गेले, त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.
त्यांना बहुतेक माहीत होतं;
दुसऱ्या दिवसापासून कात्री त्यांच्या खिशात असायची.

परवा टीव्हीवर लागला तो सिनेमा,
कुठल्यातरी परक्या गावची शाबूत प्रत.
मंदाकिनी भाजी निवडत होती. मान वर करून म्हणाली,
"घाबरलीय हो बिचारी."
बस. एवढंच.
सगळ्या माळव्याने जे पाहिलं नाही ते तिने
मेथीच्या काड्या मोडता मोडता पाहिलं.

मी उठलो. डबीचं झाकण गंजून बसलेलं.
चमच्याने उचकटलं तर
नासलेल्या लोणच्यासारखा वास.
तुकडा आखडून नखाएवढा वळलेला,
डोळे उघडे की मिटलेले
भिंगाखालीही लागेना.

"काय हो ते?" तिने विचारलं.
"माहीत नाही."

आवाज पुढे निघून गेला.
चेहरा यायला वेळ लागला.